३२ बोरचं पिस्तूल दुसऱ्या राउंडला अडकतंय? आधी मॅगझिन काढून टेबलावर ठेवा

मागल्या दिवाळीच्या तोंडावर पारोळ्याकडचे एक सराफ दुकानात आले. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी तक्रार मांडली, "भाऊ, हाई पिस्तूल दुसरी गोयीलेच अटकस. पहिली मस्त सुटस, दुसरीले बंद." रेंजवर तीनदा असं झालं होतं. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने स्प्रिंग बदलून दिली, दुसऱ्याने चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी असलेला उतार कानशीने घासून घ्यायला सांगितलं. ते त्यांनी केलं नाही, हे त्यांचं नशीब. मी म्हटलं, शेठ, पिस्तूल राहू द्या पेटीत, मॅगझिन तेवढं इकडे द्या.

मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. आता जळगावात एका परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. ही तक्रार दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतं: केळीचे व्यापारी, जिनिंगवाले, सराफ, एखादा निवृत्त फौजदार. प्रत्येकाला वाटतं आपल्याच पिस्तुलात खोट आहे. बहुतेक वेळा पिस्तूल बिचारं ठीक असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. हे वाचून पिस्तूल हातात घेणार असाल तर ते रिकामं कसं करायचं ते नीट करा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे. हाच क्रम. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढून चेंबरमधला राउंड, म्हणजे अख्खं काडतूस, बाहेर उडवला आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला वरचा राउंड उचलून चेंबरमध्ये बसवते. माणसाला वाटतं आपण खाली केलं. "रिकामं होतं" म्हणून सुटलेल्या गोळ्यांच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या कितीतरी या उलट्या क्रमाच्या असतात. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्याने बघा, आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. उजेड कमी असला तर डोळा फसतो, बोट फसत नाही. पिस्तुलाचं तोंड कायम भिंतीकडे, आणि भिंत पक्की हवी. पत्र्याची नको.

आता मूळ दुखण्याकडे.

आपल्याकडे साध्या नागरिकाला ९ मिलिमीटरचं पिस्तूल मिळत नाही, ते प्रतिबंधित बोरमध्ये (बोर म्हणजे नळीचं माप) येतं. त्यामुळे परवान्यावर दिसतं ते बहुधा ३२ बोर. हे काडतूस जुनं आहे. जॉन ब्राउनिंगने ते काढलं आणि १८९९ मध्ये बेल्जियमच्या कंपनीच्या पिस्तुलाबरोबर ते बाजारात आलं. पुंगळीची, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळीची, लांबी १७ मिलिमीटर, आणि अख्ख्या राउंडची जास्तीत जास्त २५ मिलिमीटर. बुडाकडे बघितलंत तर एक बारीक कड बाहेर आलेली दिसते. पुंगळीची बुडाशी जाडी साधारण ८.५ मिलिमीटर आणि या कडेची ९.१. म्हणजे चहूबाजूंनी नखाच्या जाडीइतकी कड. सगळा तमाशा या नखभर कडेचा आहे.

मॅगझिनमध्ये राउंड एकावर एक बसतात. स्लाइड पुढे येते ती वरच्या राउंडच्या बुडाला मागून ढकलते आणि तो चेंबरमध्ये जातो. वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेपुढे असेल तर तो लोण्यासारखा सरकतो. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर पुढे ढकलताना ती खालच्या कडेला आडवी येते. मग हातोडा मारला तरी राउंड हलत नाही. याला रिमलॉक म्हणतात. मॅगझिन तिरकं असतं ते काही अंशी याचसाठी, वरचा राउंड आपोआप थोडा पुढे राहावा म्हणून. आणि आत राउंडला पुढे-मागे सरकायला जागाही फारशी नसते. राउंड पूर्ण लांबीचा असेल तर कडा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत.

पूर्ण लांबीचा असेल तर. इथेच सराफांची गोम होती.

त्यांच्या मॅगझिनमधले सातही राउंड मी काचेवर एका ओळीत उभे केले. सहा सारखे. एक बुटका. नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका बुटका. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर बाकीचे २४.८ च्या आसपास आणि हा २३.९. पुंगळीच्या तोंडाशी गोळीभोवती एक चकचकीत वळं उमटलेलं होतं, गोळी आत सरकल्याची खूण. मी विचारलं, "शेठ, रोज सकाळी काय करता?" म्हणाले, दुकान उघडलं की लोड करतो, एक चेंबरला घेतो, रात्री घरी जाताना काढतो, परत मॅगझिनला लावतो. किती वर्षं? "परवाना झाया तैपासून."

म्हणजे रोज तोच वरचा राउंड स्लाइडच्या तडाख्याने चेंबरच्या उतारावर आदळत होता. प्रत्येक वेळी गोळी केसभर आत दाबली जात होती. असे शंभरेक दिवस गेले की एक मिलिमीटर कधी गेला ते कळत नाही. काडतुसं मोजून मिळतात, परवान्यावर कोटा असतो, म्हणून आपल्याकडे माणूस तेच राउंड वर्षानुवर्षं जपतो. शेजारी वरणगावला काडतुसांचा कारखाना आहे म्हणून पाहुणे समजतात की इकडे राउंड भाजीसारखे मिळत असतील. तिथलं काम फौजेच्या रायफलींचं. आपल्याला आपला कोटाच.

आता हा बुटका राउंड चेंबरमध्ये होता तोवर पहिली गोळी म्हणून सुटला असता. पण सराफांनी रेंजवर जाताना मॅगझिन रिकामं करून परत भरलं, आणि तो तिसरा, दुसऱ्याच्या खाली लागला. पहिली गोळी सुटली, पिस्तुलाला मागे धक्का बसला, आतले राउंड जागच्या जागी पुढे सरकले. पूर्ण लांबीचे थोडेच सरकतात, बुटका जास्त सरकला. कड कडेच्या पलीकडे गेली. अटकस!

आणि अडकणं हा त्यातला कमी वाईट भाग. गोळी आत दबली की दारूला जागा कमी उरते आणि पेटल्यावर दाब नेहमीपेक्षा चढतो. तो राउंड अडकला नसता तर सुटला असता, आणि तो सुटायला नको होता.

घरी तपासायचं कसं? पिस्तूल रिकामं करून बाजूला. मॅगझिनमधले सगळे राउंड काढून आरशाच्या तुकड्यावर किंवा काचेवर बुडावर उभे करा आणि डोळे त्यांच्या पातळीला आणा. एखादं टोक खाली दिसलं की तो वेगळा काढा. पक्कडीने गोळी ओढून लांब करायचा उद्योग करू नका, एकाने केला होता. तो राउंड परवाना घेऊन विक्रेत्याकडे द्या, नोंद होऊ द्या. मग भरलेलं मॅगझिन हातात घेऊन सगळ्यात वरच्या राउंडला बोटाने पुढे ढकलून बघा. थोडा जोर लागेल, पण सरकला पाहिजे. दगडासारखा बसला असेल तर कडा अडकल्यात. अशा वेळी मॅगझिन पिस्तुलाबाहेरच ठेवून खालचा राउंड बांबूच्या काडीने खाली दाबायचा आणि वरचा मोकळा करायचा. स्क्रू ड्रायव्हर नको. बुडाच्या मधोमध ठिणगी देणारी कॅप असते, ती पितळी बिंदी दिसते तिथे लोखंड टोचायचं नाही.

भरतानाही एक सवय लावून घ्या. प्रत्येक राउंड आधीच्यावर दाबून मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा, आणि मॅगझिन भरून झालं की त्याची पाठ दोन-तीनदा तळहातावर थापटायची. सगळे मागे टेकतात. फौजेत हे जवानाला पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि कारण कुणी सांगत नाही.

रोजच्या वापरासाठी माझं मत स्पष्ट आहे: दुकानात, घरात चेंबर रिकामं ठेवा. ज्यांना ते पटत नाही त्यांनी निदान चेंबरमधून काढलेला राउंड परत वर न लावता सगळ्यात खाली लावावा, म्हणजे रोज वेगळ्याला मार बसेल. पुंगळीच्या अंगावर मार्करने बारीक ठिपका ठेवला तर कोण किती वेळा गेला ते कळतं. आणि काहीजण हातानेच राउंड चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडतात, "मॅगझिनमधला एक वाचतो" म्हणून. तसं करू नका. या यंत्रात राउंड खालून येतो आणि त्याची कड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, आकड्याखाली सरकत जाते. आधीच बसलेल्या राउंडवर आकडा आपटला की तो उडी मारून कडेवर चढतो. आज चढेल, उद्या चढेल, परवा टवका उडेल. आकड्याचं टोक तुटलेली दोन पिस्तुलं माझ्या ड्रॉवरमध्ये सुट्या भागांची वाट बघत पडलीत.

आणखी एक घोटाळा. आपल्याकडे रिव्हॉल्व्हरलाही ३२ बोर म्हणतात आणि पिस्तुलालाही. काडतुसं वेगळी! रिव्हॉल्व्हरचं लांब असतं आणि बुडाची कड चांगली रुंद, चक्राला अडकून राहील अशी. पिस्तुलाचं आखूड आणि कड नखभर. वडिलांचं रिव्हॉल्व्हर आणि मुलाचं पिस्तूल एकाच कपाटात असलेली घरं मी पाहिलीत. डबे वेगळे ठेवा आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

राउंड ठीक, भरणं ठीक, तरी अडकतंय? मग हाताकडे बघा. रेंजवर मी माणसाचं मनगट बघतो, लक्ष्य नंतर. या बोरच्या बऱ्याच पिस्तुलांत कुलूप-बिलूप काही नसतं. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावर सगळा खेळ. गोळी पुढे जाते, स्लाइड मागे येते, पुंगळी बाहेर फेकते, पुढे जाताना नवा राउंड नेते. स्लाइडला मागे पूर्ण जायला खालची बॉडी घट्ट धरलेली हवी. मनगट ढिलं पडलं की अख्खं पिस्तूलच मागे वाहतं, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि रिकामी पुंगळी दरवाजात उभी अडकते, चुलीच्या धुराड्यासारखी. रिव्हॉल्व्हर चालवायची सवय असलेल्या वयस्कर माणसांचं हे हमखास होतं, कारण रिव्हॉल्व्हरला मनगटाची पर्वा नसते. खात्री करायची तर तेच पिस्तूल, तेच मॅगझिन रेंजवरच्या प्रशिक्षकाला द्या. त्याच्या हातात ते न अडकता चाललं तर बिल वाचलं.

दुसरी हाताची खोड म्हणजे स्लाइडला सांभाळून पुढे नेणं. आवाज नको, झीज नको म्हणून लोक ती धरून हळूहळू सोडतात. रिकाम्या पिस्तुलावर चालेल, राउंड नेताना नाही. अर्धवट बंद होते, चेंबर आणि स्लाइडमध्ये फट राहते, घोडा दाबला तर काही होत नाही. मागे पूर्ण ओढा आणि सोडून द्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. तिसरी खोड अंगठ्याची: दोन्ही हातांनी धरताना वरचा अंगठा स्लाइडला घासतो किंवा बाजूच्या खटक्यावर विसावतो. मग शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबत नाही आणि पोरं म्हणतात स्प्रिंग गेली.

इथे आजोबांच्या काळातली पिस्तुलं बाळगणाऱ्यांसाठी एक दिलासा. १९१० च्या ब्राउनिंगसारख्या जुन्या नमुन्यात शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे थांबतच नाही, ती तशीच बनवलेली आहे. मॅगझिन काढलं की त्यात घोडाही सुटत नाही, तीही सोय आहे. बिघाड नाही. पण "मॅगझिन काढलंय म्हणजे सुटणार नाही" ही सवय तिथून उचलून दुसऱ्या पिस्तुलावर नेली तर जिवावर बेतेल, कारण कितीतरी पिस्तुलं मॅगझिनशिवायही चेंबरमधला राउंड उडवतात.

मॅगझिन आत नीट न बसणं हेही रोजचंच. स्लाइड बंद असताना गच्च भरलेलं मॅगझिन लावलं की वरचा राउंड स्लाइडच्या पोटाला टेकतो आणि शेवटचं खट्क होत नाही. हाताला वाटतं बसलं. मग पहिल्या धक्क्याला ते दोन मिलिमीटर खाली येतं आणि स्लाइड रिकामीच पुढे जाते. खालून तळहाताने ठोका आणि मग ओढून बघा, सुटून हातात आलं नाही पाहिजे. दोन मॅगझिन असतील तर तळाला रंगाने १ आणि २ लिहा. बिघाड कायम १ नंबरलाच होत असेल तर पिस्तूल निर्दोष. त्या मॅगझिनचे ओठ वाकले असतील, एखादवेळी फरशीवर पडल्याने. ते पक्कडीने सरळ करू नका, नवं घ्या.

आता आपल्या खान्देशाची खास देणगी. एका जिनिंगवाल्यांचं पिस्तूल आलं होतं, पुंगळी काढतच नव्हतं. एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत दात कोरायची काडी घातली आणि जे बाहेर आलं ते बघून मालकच हसले. रुईचे तंतू तेलात भिजून, वर काजळी बसून त्याची चक्क वात वळली होती, निरांजनात लावता आली असती. हवेत तंतू उडतायत, मे महिन्यात पारा ४५ वर, तेल पातळ होऊन सगळीकडे पसरलंय, त्याला तंतू चिकटणारच. जिनिंग, गिरणी, भुसाराचं गोदाम असल्या ठिकाणी तेल कमी लागतं, जास्त नाही. स्लाइड ज्या दोन रुळांवर चालते तिथे एकेक थेंब, बाकी कपड्याने पुसून कोरडं. आणि ते बंदुकीचंच तेल हवं. खोबरेल लावणारे अजून भेटतात. डिसेंबरात धुळ्याच्या थंडीत बाटलीतलं खोबरेल कसं गोठतं ते घरच्यांना विचारा, पिस्तुलातही तसंच गोठतं. शेंगदाण्याच्या तेलाचा तर चिकट राप बसतो.

निवडणूक आली की पिस्तूल ठाण्यात जमा होतं आणि कधी कधी महिनाभराने परत मिळतं. ते आणल्या आणल्या लोड करू नका. नळीत उजेड धरून बघा, पुसा, मॅगझिनचे राउंड काढून वर सांगितलं तसे काचेवर उभे करा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलं तरी गंज चढतो, चामडं ओल धरतं.

रेंजवर घोडा पडला आणि राउंड सुटलाच नाही, तर लगेच स्लाइड ओढू नका. तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद मोजा. जुन्या राउंडची दारू कधी कधी उशिरा पेटते. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुसका, धक्काही जाणवला नाही, तर तिथेच थांबा. पुढचा राउंड मारू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी पाठवली की नळी फुटते. पिस्तूल रिकामं करायचं आणि थेट दुरुस्तीला आणायचं.

हे सगळं रेंजवर तपासायचं. शेतात विहिरीकडे तोंड करून नाही, आणि हळदीच्या रात्री गच्चीवर तर अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे पिस्तूल दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडे उतार घासायला देऊ नका. तो हौसेने घासून देईल, आणि मग मला काही करता येणार नाही.

सराफांचं काय झालं? जुनी स्प्रिंग त्यांनी जपून ठेवली होती, तीच परत घातली. नवीन जास्त कडक होती, स्लाइड पूर्ण मागे जात नव्हती, म्हणजे एकाच्या जागी दोन दुखणी झाली होती. बुटका राउंड जमा केला. रेंजवर सलग दोन मॅगझिन सुटली. निघताना म्हणाले, "मंग आते रोज चेंबरले नही घेवानं?" मी म्हटलं नाही. त्यांनी खिशातून मार्कर काढून तिथेच सहा पुंगळ्यांवर ठिपके दिले, सोन्याच्या पावतीवर देतात तसे, अगदी एका रेषेत.